समुद्रातलं कोपर

ओला कागद गालाला लावून बघायचा. गार लागला पाहिजे, ओला लागता कामा नये.

*

आमच्या शहरात हिवाळ्यातल्या वादळांना नावं आहेत. नव्वा म्हणतात त्यांना. एक झाडूवाली, एक कासिमची, एक सूर्याची, शेवटची अव्वा. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली ती छापलेलीच असतात, सणांसारखी. त्यामुळे अलेक्झांड्रियात रेडिओवरचं हवामान कोणी ऐकत नाही. आमच्या घरी तर नाहीच.

*

दमियातच्या फर्निचरच्या दुकानात, काचेच्या कपाटासमोर, मी माझा साखरपुडा मोडला.

*

सहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात एका वर्षी नाईल नदी दक्षिणेकडे वाहिली. ते पान मी तपासलं होतं.

*

काळी तेलशाई लोकरीतून जात नाही. सूर्यफुलाचं तेल चोळा, साबण चोळा, शिव्या द्या. नाही जात.

*

अत्तारीनच्या ट्रामथांब्यावर उभं राहिलं की कार्यशाळेची खिडकी सरळ समोर येते. आतलं टेबल दिसतं. टेबलाशी कोण बसलंय तेही.

*

हातिमला पोहता येत नाही. बंदरावर बसून समुद्राचं हवामान सांगतो आणि पोहता येत नाही!

*

"पुसू नकोस," मादाम इफ्फत म्हणाल्या.

*

तर ते असं झालं.

नोव्हेंबरची दुपार. कॅलेंडराप्रमाणे झाडूवाली नव्वा अजून दोन दिवस लांब. मादाम इफ्फतच्या कार्यशाळेत माझा पहिला महिना चालू होता. मादाम सत्तरीच्या, केस आखूड, बोटं कायम काळी. त्या एकच गोष्ट शिकवायच्या : गुळगुळीत जस्ताच्या प्लेटवर शाई पसरा, चिंधीने, काडीने, बोटाने ती पुसत पुसत चित्र काढा, वर ओला कागद ठेवा, प्रेसमधून फिरवा. प्लेटवर काहीही कोरलेलं नसतं. त्यामुळे ठसा एकच निघतो. शाई कागदावर गेली की चित्र प्लेटवरून उतरलं. पुन्हा तेच हवं म्हणालात तर मिळत नाही.

मला हे का आवडावं कोण जाणे. मी शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका कंपनीत मुद्रितं तपासते. माझ्या हातात दिवसभर लाल पेन असतं. चूक दिसली की खूण, खूण केली की दुरुस्ती, पुन्हा मुद्रित, पुन्हा खूण. आणि इथे सगळं एकदाच!

त्या दुपारी मी समुद्र काढत होते. काळ्या शाईतून क्षितिज पुसून काढलं होतं, इतकं सरळ की माझं मलाच कौतुक वाटत होतं. खाली लाटा, एकेक काडीने ओढलेली. एकाच बैठकीत संपवायचं असतं, नाहीतर शाई सुकते. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

आणि दार उघडलं.

उघडलं म्हणजे वाऱ्याने ते भिंतीवर आपटलं. पाऊस आडवा आत आला, वाळत टाकलेले कागद उडाले, आणि पावसाबरोबर एक माणूस आत आला — उंच, लोकरीचा जाडजूड कोट, केसांतून पाणी गळतंय. त्याने उडता कागद पकडायला झेप घेतली, घसरला, आणि तोल सावरायला त्याने टेबलावर कोपर टेकलं.

माझ्या टेबलावर.

माझ्या समुद्रात.

पाऊस तेवढा बोलत होता.

"हललात तर खून करीन," मी म्हणाले.

"आणि नाही हललो तर?"

"तरी करीन."

"मग..." तो कोपर तसंच ठेवून म्हणाला, "हलण्याआधी माफी मागतो. मी हवामान खात्यात आहे. बंदरावरच्या. आज पाऊस नाही असा माझा अंदाज होता. चुकला."

"दिसतंय."

"छत्री पण म्हणूनच नाही आणली."

"तेही दिसतंय."

मादाम इफ्फत आतल्या खोलीतून चिंधीला हात पुसत आल्या. प्लेट बघितली, कोपर बघितलं. "अय्यूऽऽह!" म्हणाल्या, अलेक्झांड्रियातल्या माणसालाच जमतं तसं लांबलचक. त्याला म्हणाल्या, "सरळ वर उचल. घासू नकोस." त्याने उचललं. मी चिंधी घेतली.

"पुसू नकोस."

"मादाम, माझ्या समुद्रात ह्यांचं कोपर आहे!"

"मला डोळे आहेत, राविया. कागद ठेव. काढ ठसा."

त्यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. मी कागद ठेवला, वर नमदा, जाड लोकरीचं कापड, पांघरला. चाक त्यानेच फिरवलं, कारण त्याच्याकडे बघत मी ते फिरवलं असतं तर मोडलंच असतं. मग मी कागदाचा कोपरा धरून हळूहळू सोलला.

समुद्र आला होता. क्षितिज आलं होतं, सरळ. आणि उजवीकडे, लाटांच्या वर, कोटाच्या बाहीची वीण उमटली होती. तिरप्या, बारीक, दाट रेघा. एकेक धागा.

"पाऊस," तो हळूच म्हणाला. "लांब समुद्रावर पडतोय. वायव्येकडून."

खरं सांगायचं तर तो पाऊसच होता. मी दहा जन्म काड्या ओढल्या असत्या तरी मला तसा जमला नसता. पण मला तेव्हा इतकंच दिसलं की माझ्या चित्रात दुसऱ्या कोणाचा तरी हात आहे. हात पण नाही. कोपर!

"ही चूक आहे," मी म्हणाले. ठसा चुरगाळला, तेलकट चिंध्यांच्या पिंपात कोंबला, छत्री उचलली आणि निघाले. प्लेट न पुसता. मादामच्या कार्यशाळेत याहून मोठा गुन्हा नाही.

*

(हाच प्रसंग त्याच प्लेटवरून दुसऱ्यांदा काढला तर एवढंच येतं :

दार. वारा. "नाही हललो तर?" त्याच्या भुवईवरून एक थेंब खाली यायला निघालेला, आणि तो पुसायला त्याला हात मोकळा नाही.

थेंब मला आठवतो. क्षितिज आता नाही आठवत.)

*

पुढच्या आठवड्यात मी मान खाली घालून गेले. प्लेट लखलखीत होती.

"कोणी पुसली?"

"पाहुण्याने," मादाम म्हणाल्या. "आता पाहुणा नाही राहिला. नाव घातलंय त्याने."

तो पलीकडच्या टेबलावर होता. तोच कोट. उजवं कोपर काळंकुट्ट.

"हातिम," तो उठून म्हणाला. "हे नाही निघत, बरं का. आईने साखर लावली, व्हिनेगर लावलं, कुराणातलं काहीतरी पुटपुटली. नाही निघत."

"कोट बदलायचा."

"एकच आहे. आणि आता ट्राममध्ये मला लगेच बसायला जागा देतात. मी मेकॅनिक आहे असं वाटतं लोकांना. हवामान खात्यातल्या माणसाला कोणी जागा देत नाही."

मी हसणार नव्हते. हसले.

*

त्याचे ठसे. देवा!

त्याने समुद्रकाठचा किल्ला काढला. प्लेटवर डावीकडे होता, कागदावर उजवीकडे आला. ठशात सगळं उलटं होतं, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं.

"किल्ला सरकला," तो म्हणाला.

"आता शहराला पण सांगा सरकायला."

"सांगतो. उद्याच्या अंदाजात घालतो — किल्ला पूर्वेकडे सरकण्याची शक्यता."

त्याने गाढव काढलं, ते कुत्रा निघालं. ढग काढला, त्यात शाई इतकी की प्रेसमधून बाहेर येताना कडेने फसकन बाहेर आली आणि मादामच्या चपलेवर पडली. प्रत्येक वेळी तो वाकून बघायचा, मान हलवायचा आणि तारीख घालून ठसा वाळत टाकायचा. मी माझे बिघडलेले सगळे पिंपात टाकायचे. डागाचा, सुरकुतीचा, बोटाचा ठसा उमटलेला — सगळे. माझ्या फाइलीत फक्त स्वच्छ राहायचे. स्वच्छ आणि... म्हणजे, स्वच्छ.

"तुम्हाला राग नाही येत?" एकदा विचारलं मी.

"कशाचा?"

"रोज चुकण्याचा."

"उस्ताझा राविया, मी रोज सकाळी उद्या काय होणार ते सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी तो उद्या येऊन माझ्यासमोर उभा राहतो. राग धरला असता तर पहिल्याच हिवाळ्यात नोकरी सोडली असती."

"मी चुकले की नाईल उलटी वाहते."

मग त्याला ते सांगावं लागलं. भूगोल, सहावी, पान, दिशा. सांगताना माझा आवाज अजूनही खाली जातो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि नाईल?"

"नाईल काय?"

"तिला कळलं?"

*

"काय कोरडं हवामान, आज काय म्हणताय?" मी आत शिरता शिरता विचारायचे. कोरडं हवामान हे त्याचं नाव पडलं होतं. पहिल्या दिवशीच्या अंदाजावरून.

"संध्याकाळी सरी. गार वारा. कोणी बरोबर चाललं तर जाणवणार नाही."

*

कागदाची गोष्ट डिसेंबरातली आहे. नळाखाली भिजवलेला कागद टिपकागदात दाबायचा आणि तो तयार झाला का, ते गालाला लावून बघायचं. माझ्या दोन्ही गालांना शाई लागली होती. नाकाला पण.

"झाला का बघा ना," मी कागद पुढे केला.

"कसं कळणार मला?"

"गार लागला पाहिजे. ओला नाही."

त्याने कागद गालाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"गार आहे," म्हणाला. "मगाशी गार होता. आता... आता नाही सांगता येत."

कागदाच्या पलीकडे, अगदी कडेला, माझी बोटं होती. मी ती काढली नव्हती. तीही कागद धरण्यासाठीच, हं. आतल्या खोलीतून मादाम खोकल्या. त्यांना खोकला वगैरे काही नव्हता.

*

काचेचं कपाट. ते सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावर अडलेलं होतं.

आमच्याकडे नवरीच्या घरात नीश लागतं. काचेच्या दारांचं, आत दिवे असलेलं कपाट. त्यात ठेवायचे चषक, कॉफीचे सेट, सोनेरी काठाच्या बशा. वापरायच्या नाहीत, फक्त ठेवायच्या. वाईल — ज्याच्याशी माझं ठरलं होतं तो — चांगला मुलगा होता. खरंच चांगला. आम्ही दोन्ही घरची माणसं घेऊन दमियातला गेलो, नीश बघायला. दुकानदाराने दिवे लावले, आणि काचेत मला मी दिसले. चषकांच्या रांगेत, दिव्याखाली, नीट ठेवलेली. कोणी हात लावू नये अशी.

"मला नको," मी म्हणाले.

"दुसरं बघू या," वाईलची आई म्हणाली. "अक्रोडाचं आहे का हो?"

"नीश नाही. मला... हे सगळंच नको."

सोनं परत केलं. आई आठवडाभर झोपून राहिली. आणि गल्लीत अजूनही चालूच आहे : ती राविया? जिने कपाटावरून लग्न मोडलं ती?

आईची मैत्रीण सौसन, मावशी म्हणून तान्त सौसन, ती तर घरीच येऊन बसते. मागच्या शुक्रवारी कॉफी पिता पिता आईला म्हणाली, "मुलगी चांगली आहे गं तुझी, पण एकदा मोडलं की मोडलं. दुसऱ्या वेळी मुलीच्या तोंडावर तसं तेज नाही येत. उरलंसुरलंच असतं." मी दाराआड उभी होते. ट्रे हातात होता. तो आत नेला, बशा मांडल्या, साखर विचारली.

हे सगळं मी हातिमला कोर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, सांगितलं, वर्ग सुटल्यावर. हातात भाजलेलं रताळं, वाऱ्यात वाफ भलतीकडे जात होती. उरलंसुरलं वगैरेही सांगून टाकलं. सांगताना समुद्राकडे बघत होते, म्हणजे तोंड दिसू नये.

त्याने रताळ्याचं साल काढलं. सावकाश.

"किती कप्प्यांचं होतं?"

"काय?"

"नीश."

"चार... का?"

"काही नाही. आमच्याकडे नीश आहे, दोन कप्प्यांचं. एकात आईची औषधं. दुसऱ्यात वडिलांचा बॅरोमीटर. खोटं बोलतो, पण ठेवलाय." मग साल खाली टाकून, "काच फुटली आहे त्याची. म्हणजे आत हात घालता येतो."

मी रताळं खाल्लं. जीभ भाजली. बरं झालं, डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

*

जानेवारीत भांडलो. कारण हवामान.

मला वर्गासाठी कागदांचा मोठा गठ्ठा भिजवून ठेवायचा होता. माझीच पाळी होती. हातिम म्हणाला, "आज नका भिजवू. उद्यापासून वादळ आहे, चार दिवस कोणी घराबाहेर पडणार नाही."

"कॅलेंडरात नव्वा आठ दिवसांनी आहे."

"कॅलेंडर ढगांना दाखवलंय कोणी?"

"माझ्या आजोबांनी त्याच कॅलेंडरावर पन्नास वर्षं होडी घातली! आणि तुम्ही? पाऊस नाही म्हणून माझ्या समुद्रात पडलात."

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंसुद्धा. मग कान लाल झाले आणि तो गप्प बसला. मी जिंकले. गठ्ठा भिजवला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला, वर प्लास्टिक.

दुसऱ्या दिवशी पहाटे वादळ आलं. रस्ते तुंबले, ट्राम थांबल्या. पाचव्या दिवशी प्लास्टिक उघडलं तर आतून तळघराचा वास. प्रत्येक कागदावर करड्या, हिरव्या बुरशीचे ठिपके.

पण मीही हट्टी. बिघडलेलं बघायला शिका म्हणतात ना मादाम? मी एक कागद तसाच प्रेसमध्ये घातला. काय सुंदर धुकं येईल! धुकं नाही आलं. कागदाचा लगदा झाला, प्लेटला चिकटला, नमद्याला चिकटला.

मादामनी बघितलं. "काही चुका नुसत्या चुकाच असतात, पोरी," म्हणाल्या आणि खरवडायला पट्ट्या दिल्या. दोन. दुसरी त्याच्या हातात.

आम्ही समोरासमोर बसून खरवडत होतो. कॅलेंडरबद्दल त्याने एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागत होतं.

"बोला की," मी म्हणाले शेवटी. "म्हणा, सांगितलं होतं."

"मला दुसरंच सांगायचंय." पट्टी थांबली. "माझी बदली होतेय. सल्लूमला. सीमेवरच्या केंद्रात, दोन वर्षं. वादळं संपली की निघायचं. अव्वा झाली की."

"अच्छा."

"नाही म्हणता येतं. अर्ज द्यावा लागतो. कारण लिहावं लागतं."

मी लगदा खरवडत राहिले. तिथे आता काहीच नव्हतं, नुसतं जस्त होतं.

"कारण आहे का?" त्याने विचारलं. "म्हणजे... मला कारण आहे का, राविया?"

पहिल्यांदाच नुसतं नाव. आणि मला काय सुचावं? तान्त सौसन. उरलंसुरलं. मी एकदा होकार देऊन तो परत घेतलेली मुलगी, माझ्या होकाराला काय किंमत? हाही चुकला तर? लाल पेन कुठे लावायचं?

"सल्लूमला पाऊस पडतो का?" मी विचारलं.

"जवळजवळ नाहीच."

"मग तुमचे अंदाज बरोबर येतील," मी म्हणाले. विनोद होता तो. दोघंही हसलो नाही.

त्याने अर्ज दिला नाही.

*

अव्वा मार्चअखेर येते. ती गेली की मादाम इफ्फतच्या कार्यशाळेत एक भिंत लागते. गेली कित्येक वर्षं. त्या भिंतीवर चांगलं काही लावायचं नाही. प्रत्येकाने त्या हिवाळ्यातलं आपलं एक बिघडलेलं चित्र टांगायचं आणि शेजारी उभं राहून काय चुकलं ते पाहुण्यांना सांगायचं. घरची माणसं येतात, गल्ली येते, फलाफल आणि गरम दुधाचं सहलब असतं, आणि हसून हसून पोट दुखतं.

माझ्याकडे बिघडलेलं काहीच नव्हतं. सगळं पिंपात गेलं होतं. मी फाइल चाळली. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. एकच ठसा हवा होता मला — कोपराचा. तो असता तर मी त्याच्याशेजारी उभी राहिले असते आणि सांगितलं असतं... काय सांगितलं असतं ते आता सांगून काय उपयोग? ठसा एकच निघतो. पुन्हा तेच हवं म्हणालात तर मिळत नाही.

"खिळा तुझ्या नावाचा ठोकलाय," मादाम म्हणाल्या. "रिकामा तर रिकामा. त्याच्याशेजारी उभी राहा."

मी आईचा पांढरा स्वेटर घातला, तिचा लाडका, आणि गेले. आई बरोबर, तान्त सौसनही. हातिम त्याच्या उलट्या किल्ल्यापाशी असेल असं वाटलं होतं. नव्हता. तिथे नुसता किल्ला होता. तो माझ्या खिळ्यापाशी उभा होता, नव्या करड्या कोटात. सल्लूमसाठी घेतलेला.

आणि खिळा रिकामा नव्हता.

मी जवळ गेले. फिका, अगदी फिका कागद. क्षितिज असून नसल्यासारखं. लाटा जवळजवळ पुसलेल्या. पण उजवीकडे तिरप्या रेघा, बारीक, एकेक धागा. समुद्र गेला होता आणि पाऊस राहिला होता.

"तुम्ही प्लेट तशीच टाकून गेलात ना," हातिम म्हणाला, "मादाम म्हणाल्या, पूस. मग म्हणाल्या, थांब. प्लेटवर थोडी शाई राहते म्हणे पहिल्यानंतर. दुसरा निघतो. फिका निघतो, पण निघतो."

"तुमच्याकडे होता? सगळा हिवाळा?"

"नीशमध्ये. बॅरोमीटरशेजारी."

"आणि सांगितलं नाहीत!"

"तुम्ही म्हणाला होतात, ही चूक आहे. म्हटलं, असेल. पण टाकवेना." त्याने खांदे उडवले. "मादाम म्हणाल्या, खरं काम ह्याच्यावर करतात. खडूने, ब्रशने, हवं ते. पहिल्यावर काही करता येत नाही, तो भरलेला असतो. ह्यात जागा असते. पण मी हात नाही लावला. तुमचा आहे."

मागे तान्त सौसन आईला विचारत होती, "हे काय आहे गं? काही दिसतच नाही. धुतलंय का?"

मला दिसत होतं. त्या कागदात केवढी जागा होती.

बोलणं मला जमत नाही, मी दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासते. मी सरळ टेबलाशी गेले, जस्ताची प्लेट घेतली, शाई काढली आणि रोलर फिरवला. कडेपासून कडेपर्यंत, काळीभोर. फलाफलचा घास तोंडात तसाच धरून कोणीतरी बघत होतं.

"हातिम," मी म्हणाले. "कोपर."

तो आला. प्लेट बघितली, मग स्वतःची बाही.

"नवीन आहे हा."

"माहीत आहे."

"लोकरीतून जात नाही ही शाई."

"तेही माहीत आहे. ठेव."

ठेवा नाही. ठेव. तोंडातून गेलं आणि परत घ्यावंसं वाटलं नाही.

त्याने माझ्याकडे बघत कोपर शाईत ठेवलं. मी माझं ठेवलं, त्याच्याशेजारी, बाहीला बाही लावून.

"अगं माझा स्वेटर!" आई किंचाळली.

"राहू दे गं," तान्त सौसन म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, अगदी टक लावून, आणि सहलबचा कप तिच्या हातात वाकडा झाला होता. "तोंड बघ तिचं. तोंड बघ."

"हललास तर खून करीन," मी हळूच म्हणाले.

"आणि नाही हललो तर?"

"तर सल्लूमची बस कधी कधी असते ते सांग. जाण्याची नको. येण्याची."

"रोज असते," तो म्हणाला. "वाळूचं वादळ नसेल तर रोज."

"आणि असेल तर?"

"तर आधी सांगीन ना. तेवढंच तर येतं मला."

मादाम इफ्फतनी कागद आणला. गालाला लावून बघितला, मान डोलावली. चाक आम्ही दोघांनी मिळून फिरवलं.

*

झाडूवाल्या नव्वेच्या दोन दिवस आधी, त्या पहिल्या दिवशी सकाळी, बंदरावरून हातिमचा अंदाज गेला होता : दुपारनंतर जोरदार पाऊस, वारा वायव्येकडून. रेडिओवर दोनदा सांगितला. बरोबर निघाला. आणि ट्राम तो रोज अत्तारीनच्या थांब्यावरच पकडायचा, माझ्या खिडकीसमोर.